पुरातला मुकादम

सोमेश्वरला मी थापड मारली तेव्हा नदीत गुडघाभर पाणी होतं. सराव चालला होता. तानाजी कमरेला दोर बांधून पलीकडे निघाला होता आणि काठावर दोर धरणाऱ्यांत सोमेश्वर पहिला होता. त्यानं मला न विचारता दोन हात दोर ढिला सोडला. मी मागून गेलो आणि कानाखाली वाजवली. त्याची बायको छबू त्याच्या मागंच दोर धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

"कामून सोडला रे?" मी म्हणालो.

"तान्याला पाणी वढू लागलं, मुकादम. ढिला केला म्हंजी त्यो..."

"मी सांगितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग?"

त्याचा ओठ फुटला होता. आलेलं रक्त त्यानं जीभ फिरवून गिळलं आणि दोर पुन्हा ताणून धरला. मला बरं वाटलं.

वडवणीपासून दीड कोसावर आमचं गाव. सव्वीस वर्षं मी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होतो. दसरा झाला की वीस-बावीस कोयते, म्हणजे तेवढी नवरा-बायकोची जोडपी, ट्रकात भरून कारखान्यावर न्यायची आणि उन्हाळा लागला की परत आणायची. उठायला उशीर झाला की मी झोपडीत शिरून अंगावर पाणी ओतायचो. मोळी ढिली बांधली की पाठीत काठी. एकदा तापानं फणफणलेल्या बाईला मी केसाला धरून फडात आणलं होतं. तोडीला आलेला माणूस आगाऊ घेतलेल्या उचलीनं बांधलेला असतो, तो जाणार कुठं? म्हणून तो ऐकतो. मला मात्र वाटायचं की माझ्या आवाजात जोर आहे म्हणून ऐकतो.

दोन वर्षांमागं पुरात गावचा एक म्हातारा वाहून गेला. सगळं गाव काठावर उभं होतं आणि कुणाला काही करता आलं नाही. त्यानंतर पथक झालं. पट्टीचा पोहणारा तानाजी, त्याची आई भिवराबाई, सोमेश्वर, छबू आणि शिवशंकर. सगळे कधी ना कधी माझ्या टोळीत राबलेले. ट्रकवर ऊस बांधायचे जाड दोर माझ्या घरी पडून होते, ते मी दिले. ट्रॅक्टरच्या ट्यूबा गोळा केल्या. माणसं हाकायची सवय म्हणून गावानं मलाच प्रमुख केलं. इथं मजुरी नव्हती, हजेरी नव्हती. आपापली कामं टाकून ते सरावाला यायचे. कशाला येतात, हे मी कधी विचारलं नाही. मी एकच नियम केला. माझ्या शब्दाशिवाय दोर हलायचा नाही.

"शिंकायचं आसलं तरी इचारायचं का, मुकादम?" शिवशंकर म्हणाला होता.

सगळे हसले. मी त्याच्या पोटरीवर काठी ओढली. तो लंगडत जागेवर गेला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सरावाला आला.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पूर आला. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला आणि नऊ वाजता पूल दिसेनासा झाला. पलीकडच्या काठाला सीताफळाची बाग आहे. बीडचा हैदर बागवान चार वर्षं त्या बागेचा बहर विकत घेत होता. फळ उतरेपर्यंत तो तिथंच पत्र्याच्या शेडात राहायचा. या वर्षी बायको समिना आणि आई अजमतबी दोघी सोबत होत्या. शेड उंचवट्यावर होतं, पण सकाळपर्यंत नदी त्याच्या मागूनही वाहू लागली होती. तिघं पत्र्यावर चढून बसली होती. हैदर उभा राहून अंगातला सदरा हलवत होता.

पथक पाच मिनिटांत जमलं. मी नेहमीच्या जागेवर, बागेच्या बरोबर समोर, लिंबाखाली माणसं लावली. तानाजीच्या कमरेला दोर बांधला. काठावर सोमेश्वर, मागं छबू, मग शिवशंकर. शेवटी भिवराबाईनं लिंबाच्या खोडाला वेढा घालून दोराचं टोक धरलं.

"मुकादम, इथून नगं," सोमेश्वर म्हणाला. "वरच्या वळणावरून..."

"तू गप धर."

तानाजी पाण्यात उतरला. पाणी तांबडं होतं आणि त्यातून कडबा, पत्रे, फुगलेलं वासरू, काय काय येत होतं. त्याला सरळ पलीकडे जायचं होतं, आणि नदी त्याला आडवी ढकलत होती. दोर ताणून ताणून वाजायला लागला. तानाजीनं पकड राहावी म्हणून तो डाव्या हाताला गुंडाळून घेतला.

इकडे काठावर गर्दी वाढली होती. एक जण मोबाईल धरून दोराच्या पुढंच येऊन उभा राहिला. मी वळलो आणि त्याच्यावर काठी उगारली. एक त्याला मारली, एक त्याच्या शेजारच्याला. लोक मागं पळाले, मी त्यांच्या मागं धावलो. तेवढ्यात वरून बाभळीचा अख्खा ओंडका आला, मुळ्यांसकट. सोमेश्वरनं तो पाहिला. दोर सोडला असता तर तानाजी खाली बुडी मारून निसटला असता आणि ओंडका वरून गेला असता. सोमेश्वर ओरडला, "मुकादम, सोडू का?" पुराच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा छबूही ओरडली. मी वळून पाहिलं तेव्हा ओंडक्याच्या मुळ्या ताणलेल्या दोरात अडकल्या होत्या.

दोर एकदम खाली गेला आणि तानाजी त्याच्याबरोबर. सोमेश्वरच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. शिवशंकर तोंडावर आपटला. लिंबाच्या खोडाला वेढा होता म्हणून दोर सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं. वर ओंडका, खाली माणूस आणि मध्ये तो दोर. भिवराबाई किंचाळत वेढा काढू लागली. वेढा निघाला तेव्हा ओंडका गरकन फिरला आणि मोकळा झाला. आम्ही तानाजीला ओढून काढलं. तो जिवंत होता. डोक्याची कातडी भुवईपासून कानापर्यंत फाटली होती. डाव्या हाताला दोर गुंडाळला होता तिथं मांस हाडावरून सरकलं होतं, आणि कोपराखाली हात भलत्याच बाजूला वळला होता. तो हात पुढं बीडला काढूनच टाकावा लागला.

भिवराबाईनं लुगडं फाडून दंडाला करकचून बांधलं. मग ती उठली. तिनं माझ्या हातातली काठी हिसकावली आणि पहिला तडाखा माझ्या खांद्यावर घातला.

"त्यानं तीनदा इचारलं! तीनदा!" ती मारत होती. "मेल्या, तुझ्या धाकानं त्यानं दोर सोडला न्हाई! माझ्या लेकराचा हात गेला!"

दुसरा तडाखा डोक्यात बसला. मी गुडघ्यावर आलो. ती थांबली नाही. पाठीत, हातावर, पुन्हा डोक्यात. डोळ्यात रक्त उतरलं. गावातलं कुणी पुढं आलं नाही. माझ्या हाताखालचं कुणी आलं नाही. काठी मोडली तेव्हा ती तिथंच बसली आणि लेकाचं डोकं मांडीवर घेतलं.

मी उठलो. पलीकडे शेडाच्या पत्र्याला पाणी टेकलं होतं. मी सवयीनं ओरडलो, "चला, दोर उचला! शिवा, ट्यूब आण!"

कुणी हललं नाही. शिवशंकरनं अंगातलं पथकाचं केशरी जाकीट काढून चिखलात फेकलं.

"तुमी काय पगार देता का आमाला?" तो म्हणाला. त्याच्या हातात दगड होता. "पुन्हा एक शबूद काढा, मुकादम. इथंच डोकं फोडतो."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग सोमेश्वरकडे. तो सोललेले हात पुढं धरून रडत होता. छबू माझ्याकडे बघत होती. काठी मोडली होती, आणि ती असती तरी या माणसांना मी आज पाण्यात ढकलू शकलो नसतो. पलीकडे अजमतबीचे हात आभाळाकडे पसरले होते. ती अल्लाला हाका मारत होती.

मी सोमेश्वरजवळ गेलो आणि खाली चिखलात बसलो.

"सोमा, तू मगा वरच्या वळणाचं काय म्हणत व्हतास?"

तो सोललेल्या तळहातांवर फुंकत राहिला.

"मी ऐकलं न्हाई. माझं चुकलं. सांग."

"आता इचारता?" छबू म्हणाली.

"आता इचारतो, पोरी. आधी इचारायला पायजे व्हतं."

सोमेश्वरनं नाक पुसलं. त्याची शेरडं आठ वर्षं त्याच काठाला चरत होती. पुरात काय येतं आणि कुठं लागतं हे तो रोज बघायचा. वरच्या वळणावर म्हसोबापाशी जे पाण्यात पडतं, ते नदी आपोआप बागेच्या काठाला नेऊन टाकते. आणि बागेच्या खालच्या टोकाला पडलेलं सगळं आपल्याकडे स्मशानाच्या शेडापाशी लागतं. भोपळा असो, मेलेली शेळी असो.

"नदीशी कुस्ती न्हाई करायची," तो म्हणाला. "तिला नेऊ द्यायचं. दोर हाताला गुंडाळायचा न्हाई. आन् जो दोर धरंल त्यानंच ठरवायचं, कवा सोडायचा ते."

"जाशील तू?"

"जातो. पर दोर तुमच्या हातात न्हाई. छबूच्या हातात."

"बरं."

"आन् तुमी वराडायचं न्हाई."

"न्हाई वराडत. मला काम सांग."

तो गोंधळला. मला काम सांगायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. छबूच म्हणाली, "मामा, तुमी मान्सं मागं ठिवा. आन् मारू नगा त्यायला."

शिवशंकरनं दगड टाकला. जाकीट उचललं नाही, पण दुसरा दोर खांद्यावर घेऊन तो स्मशानाकडे चालायला लागला. या सगळ्यात अर्धा तास गेला होता.

वळणावरून सोमेश्वर ट्यूब घेऊन पाण्यात पडला. नदीनं त्याला पाठीवर थाप मारल्यासारखं फेकलं. दोनदा दिसेनासा झाला. मग बागेच्या कुंपणाला धरून वर आला, तिथून झाडाझाडाला धरत शेडापर्यंत गेला. माझ्या घशात ओरड येऊन थांबत होती. मी लोकांकडे तोंड केलं आणि हात जोडून म्हणालो, "बाबांनो, थोडं मागं सरा. दोराला वाट द्या." ज्यांना सकाळी मी मारलं होतं ते माझ्याकडे बघत राहिले. मग सरले.

पहिली अजमतबी. सोमेश्वरनं तिला ट्यूबेत बसवून ओढणीनं बांधलं आणि बागेच्या खालच्या टोकाहून पाण्यात घातलं. ट्यूबेचा दोर छबूच्या हातात होता. ती काठानं पळत होती. पुढं काठावरून पाण्यात उतरलेलं बाभळीचं दाट कुंपण होतं. दोर त्यात अडकला असता तर ट्यूब काट्यांत आदळून फुटली असती. छबूनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा कुंपणाकडे.

"सोडला!" असं ओरडून तिनं दोर पाण्यात फेकला. सगळाच.

माझा हात वर गेला होता. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. सव्वीस वर्षांत कुणी असा दोर टाकला असता तर मी त्याला अर्धमेला केला असता. मी तो हात दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. छबू पुढं पळाली होती. मी मागं पळालो. वाटेत काटे घुसले, रक्तानं पाय निसरडे झाले. स्मशानाच्या शेडापाशी शिवशंकर छातीभर पाण्यात उभा होता. ट्यूब गिरक्या घेत सरळ त्याच्याच अंगावर आली. म्हातारी निळी पडली होती, पण जिवंत होती. तिच्या मागून सोमेश्वर आला. खडकावर आपटून त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती.

तो पुन्हा वळणाकडे गेला. लंगडत. समिनाला आणताना एक पत्रा वाहत आला आणि त्याच्या पाठीत घुसला. शिवशंकरनं दोघांना ओढलं तेव्हा सोमेश्वरच्या पाठीवरून पोटापर्यंत रक्त वाहत होतं. तो काठावर पडला आणि ओकला. नुसतं तांबडं पाणी.

पत्र्यावर हैदर एकटा उरला होता. पाणी त्याच्या घोट्याच्या वर आलं होतं.

मी सोमेश्वरजवळ बसलो. टोळीत असतो तर मी त्याला लाथ घातली असती. तो उठलाही असता. उठून गेला असता आणि वाटेत मेला असता.

"जमंल का?" मी विचारलं. "न्हाई म्हनलास तरी चालतंय."

"जातो मुकादम," तो म्हणाला. हात टेकून उठायला गेला आणि कोसळला.

"थांब. दम खा. मी सांगतो थांब."

"मी जातो," शिवशंकर म्हणाला आणि ट्यूब घेऊन वळणाकडे पळाला. छबू त्याच्या मागं. ते म्हसोबापर्यंत पोचले नव्हते. मी बागेतल्या शेडाकडेच बघत होतो. शेड मोडल्याचा आवाज आला नाही. पत्रा एका बाजूनं उचलला, उभा झाला आणि हैदरवर पडला. मग तिथं पाणीच होतं. शिवशंकर कुणाला न विचारता होता तिथूनच पाण्यात पडला. दोनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा नदीनं त्याला खडकावर फेकलं, दोन बरगड्या मोडल्या. छबूनं त्याला केसांना धरून बाहेर काढलं.

समिना काठावर उभी राहून सगळं बघत होती.

दुपारी चार वाजता पाणी उतरायला लागलं. वाट मोकळी झाल्यावर तानाजीला ट्रॅक्टरनं वडवणीला नेलं, भिवराबाई बरोबर गेली. तेवढ्यात लांबच्या वाटेनं हैदरचा धाकटा भाऊ जाकीर आला. तो बीडला गॅरेज चालवतो. मोटारसायकलवरून उतरला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "त्यो बघा, काठावर लोळत व्हता. तुमचा भाऊ तिकडं हाका मारीत व्हता."

जाकीरनं सोमेश्वरचा गळा धरला. एका हातात हेल्मेट होतं. सोमेश्वरनं हात वर केले नाहीत. त्यालाही वाटत होतं की तो लोळत होता.

मी मध्ये गेलो.

"त्याला सोड. त्याला मी थांबवलं. त्यो उठत व्हता, मी बस म्हनलो."

"तुम कौन?"

"ह्या पथकाचा मुखिया. आन् तेच्या आधी अर्धा तास गेला, त्योबी माझ्यामुळंच. मी ह्यांचं ऐकलं आसतं तर तुझा भाऊ आता हितं बसला आसता. ह्यांनी तुझी आई काढली, भावजय काढली. ह्यांच्याकडं बोट करू नगस. मला काय करायचं ते कर."

हेल्मेट माझ्या तोंडावर बसलं. दात तुटून जिभेवर आला. दुसऱ्यांदा नाकावर. मी पडलो, तो माझ्या छातीवर बसला आणि मारत राहिला. प्रत्येक फटक्याला भावाचं नाव घेत होता. शिवशंकर एका हातानं बरगड्या धरून दुसऱ्या हातात ट्यूब भरायचा लोखंडी पंप घेऊन आला. तो जाकीरच्या डोक्यावर उगारला.

"शिवा," मी खालून म्हणालो. तोंडात रक्त होतं, नीट बोलता येत नव्हतं. "नगं बाबा. त्याचा भाऊ गेलाय."

पंप तसाच वर राहिला. मग शिवशंकरनं तो खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

जाकीरचे हात थकले. तो माझ्या अंगावरून उतरून चिखलात बसला आणि हमसून रडू लागला. सोमेश्वर त्याच्याजवळ आला, फुटक्या गुडघ्यावर कसाबसा बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "ह्या नदीत वाहून आलेलं कुठं लागतंय ते मला म्हाईत हाय. दोन जागा हायत. उजेड हाय तवर बघून घिऊ."

जाकीरनं मान हलवली. छबूनं दोर उचलला. ते निघाले. अजमतबी शेजारणीच्या घरात पांघरुणात पडून होती, तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. समिना मात्र तिथंच होती. ती उठली, ओली ओढणी डोक्यावरून घेतली.

"मीबी येते," ती म्हणाली.

सोमेश्वर थांबला. त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी नाकातलं रक्त पुसत होतो. आता ठरवायचं त्याचं होतं. तो तिच्याकडे वळला.

"चला भाभी. छबूची चप्पल घाला, खाली काटे हायत."